थिबा राजा ज्या नदीने गेला

रत्नागिरीत रिक्षावाल्याला नुसतं 'थिबा' म्हटलं तरी पुरतं. पॅलेस की पॉईंट, एवढंच तो विचारतो. आमच्या शाळेची सहल लांब कुठे ठरली नाही की थिबा पॅलेसवर जायची. जांभ्याच्या तांबड्या भिंतीला टेकून डबे खायचे, अर्धगोल खिडक्यांशी थोडा दंगा करायचा आणि परत यायचं. राजा ब्रह्मदेशाचा, इंग्रजांनी पकडून आणला, इथेच वारला, इतकं बाईंनी सांगितलेलं. ब्रह्मदेश कुठे आणि तिकडे त्याच्या मागे कोण राहिलं, हे विचारायचं आम्हाला कधी सुचलं नाही. पॅलेस आमचा, म्हणून राजाही आमचाच.

२०१९ च्या डिसेंबरात मी आणि दादा ब्रह्मदेशातल्या बागानला, जुन्या देवळांच्या गावी, निघालो तेव्हाही डोक्यात थिबा नव्हता. दादा बांधकामाची कामं घ्यायचा. आता मुलगा सगळं बघतो आणि हा साइटवर जाऊन फक्त चुका काढतो. कुठेतरी बागानचा फोटो पाहून म्हणाला, "एवढ्या विटा भाजल्या कुणी असतील गो?" त्या एका प्रश्नापायी आम्ही कोलकात्याला गेलो, तिथून यांगूनला, आणि यांगूनहून रात्रभर एसी बसमध्ये कुडकुडत पहाटे बागानला उतरलो. वहिनीने यायला साफ नकार दिला होता. देवळं बघायची तर इथे काय कमी आहेत, असं तिचं म्हणणं. उतरल्या उतरल्या २५,००० क्यातचं तिकीट काढताना दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला. आपले हजार-बाराशेच होतात म्हटल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला.

पहाटेचं धुकं, त्यात तरंगणारे फुगे आणि खाली कळसच कळस, हे चित्र सगळ्यांनी पाहिलेलं आहे. माझ्या लक्षात राहिलं ते एक शेत. भुईमूग काढून झालेला, बांधावर दोन ताड, शेताच्या मधोमध पुरुषभर उंचीचा विटांचा स्तूप, आणि एक जण बैलजोडी घेऊन त्याला वळसा घालत नांगरत होता. नांगराची तासं स्तूपाभोवती अशी वाकत गेली होती की वरून पाहिलं असतं तर पाण्यात दगड टाकल्यासारखं दिसलं असतं. सुमारे शंभर चौरस किलोमीटरच्या त्या मैदानात साडेतीन हजारांवर वास्तू आहेत, बहुतेक अकराव्या ते तेराव्या शतकातल्या. त्यातल्या नावाजलेल्या पंचवीस-तीसच. उरलेल्या कुणाच्या तरी शेतात, बोरी-बाभळींच्या आडोशाला, शेळ्यांच्या सोबतीने उभ्या. पाऊस कमी, माती भुरकी. कोकणच्या डोळ्यांना तो मुलूख सोलापूरकडचा वाटला.

नावं मात्र ऐकता ऐकता ओळखीची व्हायला लागतात. इथलं राज्य ज्याने उभं केलं तो अनोरथा, १०४४ साली गादीवर बसलेला, म्हणजे आपला अनिरुद्ध. त्याने छापून घेतलेल्या मातीच्या पूजामुद्रांवर त्याचं नाव नागरी वळणाच्या लिपीत आहे. सुलामणी म्हणजे चूडामणी. सगळ्यांत उंच देऊळ थबिन्यू, म्हणजे सर्वज्ञ. आणि बागानचं भारदस्त नाव अरिमर्दनपूर, जे आपल्याकडच्या एखाद्या ताम्रपटात निघालं तरी कुणी दचकणार नाही. फक्त एक शब्द मराठी माणसाने जपून उच्चारावा. आत शिरता येतं अशा देवळाला बर्मी भाषेत 'गू' म्हणतात. दादा दिवसभर त्यावर विनोद करत होता, ते इथे लिहीत नाही. पण तो शब्द पालीतल्या 'गुहा'चा आहे, आणि हे कळल्यावर ती देवळं निराळीच दिसायला लागली. आपल्याकडे डोंगर होता, म्हणून आपल्या लोकांनी तो आतून कोरून लेणी केली. यांच्याकडे सपाट मैदान. यांनी विटांवर विटा रचून आधी डोंगर उभा केला आणि त्याच्या पोटात अंधार ठेवला. आत जाळीच्या खिडक्यांतून येईल तेवढाच उजेड. म्यिंकबा गावातल्या गुब्याउक्चीत भिंतीभर जातककथांचे चौकोन आहेत, विजेरी फिरवली की एकेक उजळतो आणि पुन्हा विझतो.

दादाला चित्रांत रस नव्हता. धम्मयांजी हे आकाराने सगळ्यांत मोठं देऊळ. बाराव्या शतकात नरथू नावाच्या राजाने बांधलेलं. बापाला आणि भावाला मारून गादीवर बसला आणि मग पाप फेडायला देऊळ काढलं. दोन विटांच्या मध्ये सुई शिरली तर गवंड्याचे हात तोडायचा, अशी गोष्ट तिथलं शेंबडं पोरही सांगतं. दादाने ती मन लावून ऐकली आणि खिशातून नखं काढायची पट्टी बाहेर काढून दरजेला लावून बघितली. शिरेना. मग बोटाच्या पेराने चाचपलं. "अगो, चुना भरलेला दिसतच नाही मला. वीट विटेवर घासून बसवली आहे." कमानीखाली तर मान वर करून पाचेक मिनिटं गप्प उभा राहिला. मला वाटलं, देव आठवला असेल. "ही खरी कमान आहे," म्हणाला. "आपल्या जुन्या देवळांत दगड थोडा थोडा पुढे काढत नेतात आणि वर मिटवतात. इथे विटा एकमेकींना दाबून धरतात. हजार वर्षांपूर्वी!" साडेआठशे, मी म्हटलं. त्याने लक्ष दिलं नाही.

त्या देवळाची आतली प्रदक्षिणेची वाट विटा-रोड्यांनी पार बुजवलेली आहे. राजा मेल्यावर मजुरांनी सूड म्हणून बुजवली असं तिथे सांगतात. दादाचं मत वेगळं: वरचा भार जास्त झाला असणार, आधार सुटला असणार, म्हणून भरणी घातली. "सूड घ्यायला कोण एवढी फुकट मजुरी करतो?" बाहेर आल्यावरही वटवाघळांचा वास कितीतरी वेळ कपड्यांना होता.

विटा कुणी भाजल्या, याचंही उत्तर मिळालं. काही विटांवर ठसे आहेत, आणि ते ठसे वीट पुरवणाऱ्या गावांची नावं सांगतात. एक देऊळ उभं करायला आजूबाजूची गावंच्या गावं भट्ट्या लावून बसायची. देणगीदारांनी शिलालेखांत खर्चही मांडून ठेवला आहे, गवंड्याला काय दिलं, चितारणाऱ्याला काय दिलं. शेवटी शाप: या दानाला जो हात लावील तो अवीची नरकात जळो. मला आपल्या उत्तर कोकणातले शिलाहारांच्या वेळचे गधेगळ, म्हणजे शाप कोरलेले दगड, आठवले. तीच शतकं, तीच धास्ती. जमीन दान केली, आता पुढचा राजा ती परत घेईल. आपल्या लोकांनी गाढव कोरून जे म्हणायचं ते उघड म्हटलं, यांनी नरकाच्या खात्यावर टाकलं. कोकणी माणूस म्हणून मला आपली पद्धत जास्त परिणामकारक वाटते.

शापांचा उपयोग झाला की नाही कोण जाणे. ८ जुलै १९७५ च्या भूकंपात बरंच कोसळलं, २४ ऑगस्ट २०१६ ला पुन्हा शेकडो देवळांना धक्का बसला. पण मधल्या काळात लष्करी सरकारने जी डागडुजी काढली ती बघून दादा भूकंपापेक्षा जास्त हळहळला. नुसता पाया उरलेला असेल तिथे नव्या विटांचं अख्खं देऊळ, सगळ्यांना एकच साचा, एकच कळस, सिमेंटच्या करकरीत दरजा. लांबून बघताना जुनं कुठलं आणि नवं कुठलं कळत नाही. जवळ गेलं की शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या दाढ्या लावलेल्या पोरांसारखी ती दिसतात. जुन्या बागानमध्ये देवळांच्या अधेमधे माणसं राहत होती. त्यांना १९९० मध्ये उठवून काही किलोमीटरवर नेऊन बसवलं, तेच आजचं न्यू बागान. आम्ही उतरलो होतो ते तिथेच. जागतिक वारशाच्या यादीत नाव लागायला २०१९ उजाडलं, आम्ही गेलो त्याच वर्षी, आणि गावात जागोजागी त्याचे फलक होते. आनंद देवळात आपल्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं काम झालेलं आहे. ते पाहून मात्र दादाची छाती थोडी फुगली. तिथल्या दक्षिणेच्या उभ्या बुद्धाचा चेहरा लांबून हसरा दिसतो आणि पायाशी गेलं की गंभीर होतो. आम्ही तीनदा पुढेमागे करून खात्री केली. मागे उभ्या असलेल्या एका आजींना आमचा खेळ फार आवडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ई-बाईकची बॅटरी भर वाळूत संपली. ढकलत म्यिंकबा गावापर्यंत आलो. चप्पल, मोजे सगळं दाराबाहेर काढायचं, त्यामुळे दोन दिवसांत तळव्यांना काटे आणि चटके दोन्हींची सवय झाली होती. समोर मनुहाचं देऊळ होतं. बाहेरून काही विशेष नाही. दाराशी मोठं थोरलं सोनेरी भिक्षापात्र, त्यात दान टाकायला शिडी चढावी लागते. सावली मिळेल म्हणून आत गेलो आणि पुढे जाताच येईना.

आतमध्ये बुद्ध मावत नाही. देऊळ आधी बांधलं आणि मूर्ती नंतर फुगली, असंच वाटतं. बसलेली मूर्ती, खांदे दोन्ही बाजूंच्या भिंतींना टेकल्यासारखे, छाती श्वास कोंडून धरल्यासारखी पुढे आलेली. पाया पडायला वाकावं तर डोकं मूर्तीला आपटेल की काय अशी जागा. चेहरा बघायला मान मागे टाकली तर पाठ भिंतीला लागते. अशा तीन मूर्ती ओळीने तीन कोठड्यांत, आणि मागच्या बाजूला नव्वद फुटी निजलेला बुद्ध, तोही अंगाला लागून असलेल्या खोलीत. पाडव्याच्या गर्दीत एसटीत उभं राहिल्यावर जो जीव गुदमरतो, तसं मला तिथे झालं.

हे बांधणारा मनुहा स्वतः कैदी होता. बर्मी बखरी सांगतात ते असं: दक्षिणेकडच्या थाटोनला मोन लोकांचं राज्य होतं, तिथला हा राजा. अनोरथाने त्याच्याकडे त्रिपिटकाच्या पोथ्या मागितल्या, त्याने दिल्या नाहीत. १०५७ मध्ये अनोरथाने थाटोन घेतलं, आणि पोथ्या, भिक्षू, कारागीर आणि राजा, सगळं बागानला आणलं. बागानची जी कला आपण बघत हिंडतो तिच्यात या धरून आणलेल्या माणसांचे हात आहेत. राजाला पुढे एका पॅगोडाला गुलाम म्हणून वाहिल्याचंही बखरीत येतं. दहा वर्षांनी मनुहाने हे देऊळ बांधलं, जवळचं एक रत्न विकून. तिथले लोक सांगतात की कोंडलेल्या माणसाने कोंडलेला देव घडवला. चारांपैकी निजलेल्या बुद्धाच्याच तोंडावर काय ते हसू आहे, आणि तो परिनिर्वाणाचा, म्हणजे मरणाच्या वेळचा.

"रत्न विकून" हे शब्द ऐकले आणि मला एकदम थिबा पॅलेसच्या भिंतीचा तो ओलसर वास आला. थिबानेही रत्नागिरीत रत्नं विकली होती. सरकारी तनख्यात भागेना, तेव्हा बरोबर आणलेले माणिक-दागिने एकेक करून बाजारात गेले. शाळेत असताना आम्हाला ही मजेची गोष्ट वाटायची. कुणाच्या आजोबांनी राजाचा हिरा कवडीमोलाने घेतला, कुणाकडे अजून आहे पण दाखवत नाहीत, अशा बाता चालायच्या. विकणाऱ्या माणसाकडून ती गोष्ट मी कधी बघितलीच नव्हती. दादाला म्हटलं तर तो नुसता "हं" म्हणाला आणि थोड्या वेळाने, "पॅलेस तरी ऐसपैस दिला त्याला." तोही १९१० मध्ये तयार झाला, येऊन चोवीस वर्षं झाल्यावर. राहिला सहा वर्षं.

मनुहाच्या शेजारीच नानपाया. आत वालुकाश्माचे चार खांब, खांबांवर हातात कमळं धरलेला तीन तोंडांचा ब्रह्मदेव. मनुहाला इथेच ठेवलं होतं, अशी एक सांगी आहे. 'नान' म्हणजे राजवाडा.

बॅटरी बदलून माणूस येईपर्यंत तास होता, म्हणून समोरच्या लाखकामाच्या कारखान्यात बसलो. कारखाना म्हणजे मोठी पडवीच. मला वाटलं होतं सावंतवाडीसारखं असेल. पण सावंतवाडीची लाख किड्याची, ही झाडाच्या चिकाची. बांबूच्या पट्ट्यांची, किंवा बांबू आणि घोड्याच्या केसांची वाटी विणायची, तिच्यावर चिकाचा थर, तळघरात कित्येक दिवस वाळवण, घासणं, परत थर. एका वाटीला महिने लागतात. कामावरच्या आजोबांनी घोड्याच्या केसांची वाटी दादाच्या हातात दिली आणि काठ दाबायला लावला. समोरासमोरचे दोन काठ एकमेकांना टेकले, सोडल्यावर वाटी पुन्हा गोल. तडा नाही. दादा दाबतोय, सोडतोय, दाबतोय. मी चिकाला बोट लावायला गेले तर आजोबांनी मनगटच धरलं. गालांवर थनाका, म्हणजे सालीचा लेप, फासलेली त्यांची नात मोडक्या इंग्रजीत म्हणाली, अंगावर उठतं. काजूच्याच घराण्यातलं झाड! आमच्या बागेत ओल्या काजूच्या बिया सोलणाऱ्या बायका हाताला राख चोळून बसतात. बिबा उतलेला माणूस तर घरोघर आठवणीत असतो. मी खुणेने बी सोलल्याची, कातडं गेल्याची नक्कल केली. आजोबांनी स्वतःचे काळे पडलेले तळवे पुढे केले.

मग कुठले तुम्ही, हा प्रश्न आला. इंडिया म्हटल्यावर नात म्हणाली, "बोधगया?" सगळ्या बर्मी माणसांना आपला भारत तिथून सुरू होतो. मी म्हटलं, नाही, दुसरीकडे, समुद्राकाठी, रत्नागिरी.

आजोबांचा हात थांबला. "यदनागिरी?"

बर्मी तोंडात 'र'चा 'य' होतो, रत्नाचं यदना. पण ते मला नंतर उमगलं. त्या क्षणी एवढंच कळलं की कुणीतरी आपल्या गावाचं नाव जुन्या ओळखीचं असल्यासारखं घेतलं. मग ते आणखी दोन शब्द बोलले, "थीबॉ मिन." मिन म्हणजे राजा. दादा मोठ्याने म्हणाला, "होय होय, थिबा, आमचा थिबा!" आणि लगेच गप्प बसला. 'आमचा' तिथे शोभत नव्हतं, भाषा कुणाला कळत नसली तरी.

नातीने विचारलं, तिकडे त्याचं काय आहे? समाधी आहे म्हटलं. २०१२ मध्ये तुमचे अध्यक्षही येऊन गेले. नीट ठेवली आहे का? दादाने माझ्याकडे बघितलं. मी हो म्हटलं. इतक्या वर्षांत मी समाधीवर किती वेळा गेले, तर एकदा. तीही शेजारच्या गल्लीत बारसं होतं म्हणून.

निघताना आजोबांनी कागदी चौकोनांची एक लहानशी चळत हातात ठेवली. दोन कागदांमध्ये सोन्याचा वर्ख, मूर्तींना चिकटवतात तो. पैसे घेतले नाहीत. वाटीचे मात्र पुरेपूर घेतले.

संध्याकाळी बुपयाच्या पायऱ्यांवर गेलो. हा नदीकाठचा सोनेरी स्तूप भोपळ्याच्या आकाराचा, 'बू' म्हणजे भोपळाच. १९७५ च्या भूकंपात मूळचा सगळा खाली इरावतीत गेला, आता आहे तो पुन्हा बांधलेला. सूर्यास्ताला देवळांवर चढायला आता बंदी आहे, त्यामुळे बरीच माणसं इथे येतात. डिसेंबरात पाणी उतरलेलं असतं, मध्ये वाळूचे लांबलचक पट्टे, एक होडी इंजिनाचा फटफट आवाज करत मंडालेच्या दिशेने चाललेली. दादाने फोनवर नकाशा मोठा केला आणि बोट मंडालेवरून खाली सरकवत आणलं. बागानवरून पुढे यांगून.

"म्हणजे तो इथूनच गेला असणार की गो."

इथूनच. मंडाले थिबाची राजधानी. तिथून रंगूनला, म्हणजे आजच्या यांगूनला, नदीने जायचं तर दुसरी वाट नाही. १८८५ च्या नोव्हेंबरअखेर इंग्रजांनी त्याला 'थूरिया' नावाच्या आगबोटीत बसवलं. वय सव्वीस, राणी सुपायलत गरोदर, दोन लहान मुली. आपल्या देशाची ही जुनी राजधानी काठावरून मागे सरकताना त्याला दिसली की त्या वेळी रात्र होती, कोण सांगणार. पुढे मद्रास, मग १८८६ मध्ये रत्नागिरी, आणि १९१६ च्या डिसेंबरात तिथेच शेवट. राणी नंतर रंगूनला परतली. तो नाही. आम्ही त्याच्या उलट्या दिशेने, हौसेने, तिकीट काढून आलो होतो, परतीच्या तारखेसकट.

होडी दिसेनाशी झाली तरी आवाज बराच वेळ येत होता. दादाने भट्ट्यांबद्दल काही विचारलं नाही.

रत्नागिरीत आल्यावर तीन आठवडे वर्ख देवघरात पडून राहिला. एका रविवारी दादा स्कूटर घेऊन दारात आला, "चल, देऊन टाकू." समाधीपाशी कुणी नव्हतं. पालापाचोळा साठला होता, तो त्याने आधी पायाने आणि मग हाताने बाजूला केला. दगड चाचपला, कुठे कोरडा आहे बघितलं. मी कागद उघडला तर दुपारचा खारा वारा सुटलेला. पहिला वर्ख चिकटायच्या आत उडाला, दुसरा अर्धा बोटालाच राहिला. तिसऱ्याला दादा वारा अडवून उभा राहिला. तो कसाबसा चिकटला, नखाएवढा.

परत जाताना स्कूटरवर मागे बसले, तर दादाच्या शर्टाच्या पाठीवर, बरोबर मधोमध, पहिला वर्ख चमकत होता. मी त्याला सांगितलं नाही. वहिनीने विचारलं तेव्हा काय ते सांगू म्हटलं.